शिल्लक पुढे ओढताना

२०२१ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातील भाळवणी हे गाव महाराष्ट्रभर परिचित झाले. तत्कालीन आमदार निलेश लंके यांच्या पुढाकाराने तेथे मोठे कोविड केंद्र उभे राहिले होते. त्याच वर्षी मे महिन्यात कोविशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर १२ ते १६ आठवडे करण्यात आले. पहिल्या मात्रेची आठवण शरीर इतके दिवस कशी राखते, हा प्रश्न त्यामागे होताच.

ती राखण्यात टी पेशींचा वाटा मोठा आहे. विषाणू किंवा लस शरीरात येताच त्याची ओळख पटणाऱ्या मोजक्या टी पेशी झपाट्याने वाढतात. काम संपले की त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक मरून जातात आणि उरतात त्या स्मृतिपेशी. दिवाळीला जुनी वही बंद करून शिल्लक नव्या वहीत ओढावी, तसाच हा व्यवहार. उलाढाल प्रचंड, शिल्लक थोडकी.

मात्र शिल्लक किती राहावी, हे टी पेशी एकट्या ठरवीत नाहीत. १९७५ च्या सुमारास ओळखल्या गेलेल्या नैसर्गिक मारक पेशी पूर्वपरिचय नसतानाही बाधित व कर्करोगी पेशींचा नाश करतात. आरंभी इंटरफेरॉन गॅमा स्रवून त्या टी पेशींना दिशाही देतात. परंतु याच पेशी कधी कधी नुकत्याच सक्रिय झालेल्या मदतनीस टी पेशींवर घाला घालतात. मदतनीस घटले की इतर टी पेशींचे बळ ओसरते, प्रतिपिंडे घडविणाऱ्या पेशींचे पाठबळ कमी होते आणि स्मृतीची शिल्लक आक्रसते.

आपल्याच सैन्यावर हा वार कशासाठी? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११-१२ मध्ये उंदरांवर केलेले प्रयोग येथे बोलके आहेत. विषाणूची मात्रा फार मोठी असता मारक पेशींनी टी पेशींना आवरले. विषाणू शरीरात टिकून राहिला, पण टी पेशींच्या अतिरेकी हल्ल्यातून उंदीर वाचले. मात्रा मध्यम असता मात्र हेच आवरणे घातक ठरले. विषाणू वेळेत हटला नाही आणि लांबलेल्या लढाईत उंदरांचा प्राण गेला. मारक पेशी नसलेल्या उंदरांनी तोच विषाणू हटवला होता. एकच पेशी एका प्रसंगी तारक, दुसऱ्या प्रसंगी मारक! तिला सरसकट दोषी वा निर्दोष ठरविणे म्हणूनच उतावीळपणाचे होईल.

माणसातही याची खूण सापडते. जुनाट हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णांत, त्या विषाणूविरुद्धच्या टी पेशींना मारक पेशी नष्ट करतात, असे आढळले आहे. लस टोचतेवेळी मारक पेशी दूर ठेवल्या तर स्मृती अधिक भक्कम होते, हे उंदरांत दिसले आहे. पण तेवढा काळ इतर संसर्गांपुढे शरीराचे दार उघडे राहते. त्यामुळे संशोधकांचा शोध आता अशा उपायाचा आहे, जो या पेशींना लसीनंतरचे पहिले काही दिवसच, आणि तेही केवळ टी पेशींपुरते, रोखून धरील.