साक्रीनेही ठराव करावा

मतदानाला फोटोचं ओळखपत्र मागितलं तर बिघडलं कुठे, असं आता आपल्याच मोहल्ल्यातली शिकलेली पोरं विचारतात. सिमला ओळखपत्र लागतं, रेल्वेत टीसीला कार्ड दाखवतो, मग मतदान केंद्रावरच कुरकुर का? कारण एका दुकानात सिम मिळालं नाही तर दुसऱ्या दुकानात जाता येतं. मत नाकारलं की पाच वर्षं गेली. राज्यघटनेच्या कलम ३२६ मध्ये मत प्रौढ नागरिकाला दिलंय, तिथे कार्डाचा उल्लेख नाही.

१९६१ च्या निवडणूक नियमांतली एक तरतूद आपल्याला कुणी सांगत नाही. पोलिंग एजंटला एखाद्या मतदाराच्या ओळखीबद्दल शंका आली तर त्याने दोन रुपये रोख भरून आक्षेप घ्यायचा. केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतो. आक्षेप सिद्ध झाला नाही तर मतदाराला मत देऊ द्यावंच लागतं, आणि आक्षेप उगाच काढलेला असेल तर दोन रुपये जप्त. तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर तुमच्यासाठी प्रदत्त मताची सोय आहे. म्हणजे ज्याची शंका, पुरावाही त्यानेच द्यायचा. फोटोकार्डाने हे ओझं उचलून मतदाराच्या डोक्यावर ठेवलं.

हे कार्ड आणलं शेषन यांनी, १९९३ मध्ये. कार्डं झाली नाहीत तर १९९५ पासून निवडणुकाच होणार नाहीत, अशी त्यांची धमकी होती. राज्य सरकारांनी खर्चावरून कुरबूर केली, आणि १९९५ मध्ये निवडणुका झाल्याच. तेव्हा कार्डाला विरोध करणारे कुणी देशद्रोही ठरले नव्हते.

आज म्हणतात, मतदार कार्ड नसेल तर बाकीचे पर्याय आहेतच. आहेत. २०२४ च्या लोकसभेला आधार, पॅन, पासपोर्ट, फोटोचं पासबुक, रोहयोचं जॉबकार्ड असे बारा कागद चालत होते. रेशनकार्ड त्यात नव्हतं, आणि गरिबाच्या घरात ट्रंकेत जपून ठेवलेला कागद बहुतेक वेळा तोच असतो.

आपल्या घरातल्या बायकांचे कागद एकदा शेजारी-शेजारी ठेवून बघा. एकावर फातमाबी, दुसऱ्यावर फातिमा बी, तिसऱ्यावर फातेमा शेख. ‘शेख’ कुठे नावाच्या आधी, कुठे शेवटी. एकावर बापाचं नाव, दुसऱ्यावर नवऱ्याचं. उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जाताना नाव प्रत्येक टेबलावर थोडं बदलतं. चूक लिहिणाऱ्याची, हेलपाटे मात्र तिचे.

पण हे फक्त आपलं दुखणं समजू नका. साक्री विधानसभा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. तालुक्यातली भिल्ल आणि कोकणा कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत, घाटाकडे जातात. यादी तपासायला माणूस येतो तेव्हा घराला कुलूप. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी कुठे दिलं गेलं? शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला. पंतप्रधान आले होते. पंधरा वर्षांनी, जून २०२५ मध्ये बिहारच्या मतदारयादीची विशेष तपासणी सुरू झाली, तेव्हा मागितलेल्या अकरा कागदांत आधार नव्हतं. निवडणूक आयोगाने स्वतः दिलेलं मतदार कार्डही नव्हतं! १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं गेली. आधार बारावा कागद म्हणून घ्या, हे सर्वोच्च न्यायालयाला ८ सप्टेंबरला सांगावं लागलं.

मालेगाव तर आपल्या दारातच आहे. कागद नाही म्हणून हिणवलं, लोकांनी उशिराने जन्मनोंदणी करून दाखले काढले, तर जानेवारी २०२५ मध्ये त्याच दाखल्यांच्या चौकशीला एसआयटी बसली. कागद नसला तर संशय, कागद काढला तरी संशय.

मग ठराव कुणी करायचा? नगर तालुक्यातल्या इसळकने तो करून दाखवलाय. २६ जानेवारी २०२० च्या ग्रामसभेत त्या गावाने नागरिकत्वाच्या कागदपत्रांच्या सक्तीविरुद्ध असहकाराचा ठराव घेतला. गावात मुसलमानाचं एकही घर नाही. आदिवासी, भटके, भूमिहीन कागद कुठून आणणार, हा त्यांचा सवाल होता. त्याच सुमारास परभणी जिल्ह्यातल्या सेलू नगरपालिकेने असाच ठराव केला, आणि तिथे सत्ता भाजपची होती.

ठरावाने काय होतं, निवडणूक आयोगाला तो बंधनकारक थोडाच आहे? नाही. पण गावात जन्माची नोंद ग्रामसेवकाच्या दप्तरात होते आणि घरोघर यादी तपासायला जाणारे बीएलओ म्हणजे आपल्याच शाळेचे गुरुजी नाहीतर अंगणवाडी ताई. कागद मागणारे आणि कागद देणारे दोघेही गावातलेच. त्या गावाने लेखी भूमिका घेतली तर तहसीलमध्ये तिची दखल घ्यावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. कार्ड नको, गाव ओळखतं ना, असं म्हणून भागत नाही. १ जुलै २०१८ ला आपल्याच तालुक्यात राईनपाड्याला भटक्या समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं, कारण ते अनोळखी होते. गावाच्या ओळखीवर सगळं सोपवा, असं मी म्हणणार नाही. कार्ड असावं, सरकारने ते घरपोच आणि फुकट द्यावं. पण यादीत नाव असलेला माणूस केवळ कार्डाअभावी परत जाता कामा नये. इंग्लंडमध्ये मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांत फोटोची सक्ती पहिल्यांदा लागू झाली आणि सुमारे १४ हजार माणसं केंद्रावर येऊन मत न देता गेली.

आणि बुरख्याच्या सापळ्यात अडकू नका. मतदारयादीत बायकांचे फोटो नकोत, ही याचिका २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. टिकायलाही नको होती. हजच्या पासपोर्टला आपल्या अम्मी फोटो काढतातच. आपलं भांडण फोटोशी नाही, दारातून परत पाठवण्याशी आहे.

साक्री शहरात नगर पंचायत आहे, तिथे नगरसेवकाला गाठावं लागेल. निजामपूर, दहिवेलसारख्या गावांत ग्रामसभेपुढे विषय ठेवता येतो. मजकूर दोन ओळींचा पुरे: “मतदारयादीत नाव असलेल्या कोणालाही केवळ फोटो ओळखपत्र नसल्याने किंवा नावाच्या लेखनात फरक असल्याने मतदानापासून रोखू नये. असे फरक ग्रामपंचायतीने आपल्या नोंदीवरून विनाशुल्क दुरुस्त करून द्यावेत.” सूचक आदिवासी वस्तीतला असावा, अनुमोदक आपल्यातला. प्रत तहसीलदारांना, धुळ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि राज्य निवडणूक आयोगाला द्यायची, आणि पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही.