आखाड्याची माती वारसा यादीत येऊ द्या

अमरावती-अकोल्याच्या बंधुभगिनींनो,

१९१४ साली अंबादासपंत आणि अनंत वैद्य या भावांनी अमरावतीच्या पोरांसाठी आखाडा काढला. पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून तो देशभर नावाजला. हुतात्मा राजगुरू व्यायामाचे शिक्षण घ्यायला येथे आले होते. १९३६ मध्ये मंडळाचे खेळाडू बर्लिन ऑलिम्पिकला गेले आणि वऱ्हाडच्या मातीतली कबड्डी त्यांनी जगापुढे खेळून दाखवली. तीच कबड्डी आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ व्हायला १९९० साल उजाडले.

वारसा म्हटले की आपले बोट परकोटाकडे जाते. अमरावतीत जवाहर गेट, अंबागेट, अकोल्यात असदगड. ते जपावेत हे कुणाला पटवून द्यावे लागत नाही, कारण दगडाचे वय डोळ्यांना दिसते. जुन्या आखाड्याच्या भिंती मात्र साध्या असतात. त्याचे धन जमिनीवर असते: तेल, ताक, हळद घालून मळलेली कुस्तीच्या हौद्याची माती, रोवलेला मलखांब आणि दम लागेपर्यंत पळता येईल एवढे मैदान. म्हणून नुसती इमारत राखणे मला अपुरे वाटते. इमारतीला रंग द्यायचा आणि मैदानावर गाळे काढायचे, याला जतन म्हणता येणार नाही. संग्रहालयही नको. संध्याकाळी तिथे पोरे-पोरी घामाघूम झालीच पाहिजेत.

अकोलेकरांना हे वेगळे सांगायला नको. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराकडे धावणाऱ्या कावडी ज्या खांद्यांवर असतात, ते खांदे कुठेतरी घडावे लागतात. गल्लीतली तालीम बंद पडली की ते काम दुसरे कोणी करत नाही.

त्यासाठी पहिले काम घरात आहे. घरच्या ट्रंका उघडा. आजोबांचे व्यायामवर्गाचे प्रमाणपत्र, आत्याचा लेझीम पथकातला फोटो, एखादे पदक सापडेल. फोटोतली माणसे ओळखणारे कोणी घरात असेल तोवर मागे नावे आणि साल लिहून ठेवा. मूळ वस्तू घरीच राहू द्या. एक प्रत त्या त्या आखाड्याला नेऊन द्या.

दुसरे काम महानगरपालिकेत आहे. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वारसास्थळांची यादी करण्याची तरतूद आहे. अमरावती आणि अकोला, दोन्ही महापालिकांकडे लेखी मागणी करा: शहरातल्या जुन्या तालमी, आखाडे, व्यायामशाळा या यादीत घ्या आणि प्रत्येकीची नोंद हौदा व मैदानासह करा. एकट्याचे पत्र पुरेसे नाही. गणेश मंडळ, महिला मंडळ, माजी विद्यार्थी, जे कोणी सोबत येतील त्यांच्या सह्या घ्या. पत्र साध्या कागदावर, आपल्या भाषेत लिहा, आवक विभागात द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.