बिघडलेल्या फिल्मची वही

गडमुडशिंगीजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे वायूची पोकळी, निघालं की तुकडा भंगारात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात अतिसंवाहक, म्हणजे विरोधाशिवाय वीज वाहणाऱ्या, ऑक्साइडच्या पातळ फिल्म बनल्या, त्यांचा न्याय मात्र इतका सरळ नाही. तिथे काही दोष फिल्म मारतात, तर काही तिला कामाची करतात.

यट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड 1987 मध्ये गाजलं. ते 92 केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होतं, म्हणजे 77 केल्विनच्या द्रव नायट्रोजनवर भागतं. जगभर लेसर आणि निर्वात यंत्रांची धाव सुरू असताना कोल्हापुरात डॉ. एस. एच. पवार यांच्या गटाने इलेक्ट्रोडिपॉझिशनची स्वस्त वाट धरली. द्रावणातून विजेने धातूंचा थर चढवायचा, मग त्यात ऑक्सिजन भरायचा. विद्युतदाब जरा हलला की धातूंचं प्रमाण चुकतं. ऑक्सिजन कमी पडला तर सगळंच मुसळ केरात. सूत्रातला ऑक्सिजनचा आकडा सातकडून सहाकडे घसरला की पदार्थ वीज वाहूनच नेत नाही.

लेसरच्या पद्धतीचेही नखरे कमी नाहीत. फिल्म ज्यावर चढते तो पाया सातशे-आठशे अंश सेल्सिअसला तापवावा लागतो. तापमान उतरलं की काही स्फटिककण आडवे वाढतात. शेजारचे कण दहा-पंधरा अंशांनी तिरपे बसले, तरी प्रवाह झपाट्याने घटतो.

पण निर्दोष स्फटिकही मागेच पडतो! चुंबकीय क्षेत्र अतिसंवाहकात भोवऱ्यांच्या रूपाने शिरतं. भोवरे सरकले की विरोध निर्माण होतो. फिल्ममधल्या रेषीय दोषांत ते अडकून बसतात. म्हणूनच चांगली फिल्म 77 केल्विनला चौरस सेंटीमीटरमागे दहा लाख अँपिअरहूनही अधिक प्रवाह वाहून नेते. 2004 मध्ये तर संशोधकांनी बेरियम झिर्कोनेटचे नॅनोकण मुद्दाम मिसळून ही पकड वाढवली.

दोषांना इतकं महत्त्व असूनही शोधनिबंधात बहुतेकदा झळकते ती जमलेली एकच फिल्म आणि तिचं संक्रमण तापमान. भट्टी किती वेगाने थंड केली, ऑक्सिजन कधी सोडला, कोणती फिल्म का फसली, हे वहीत राहतं आणि विद्यार्थी गेला की वहीही जाते. पुढचा विद्यार्थी त्याच चुकांवर पुन्हा वर्ष घालवतो. सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळांना ही उधळपट्टी परवडणारी नाही. विद्यापीठांनी पीएचडीच्या प्रबंधात फसलेल्या नमुन्यांचं, वाढीच्या सर्व नोंदींसह, परिशिष्ट सक्तीचं करावं.