बियासणे घड्याळाचे आणि ताटाचे



सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ आणि रक्ततपासणीत एचबीए१सी ५.७ ते ६.४ च्या दरम्यान, असे दोन अहवाल हाती आले की जळगाव-धुळ्याच्या पेढ्यांवर हल्ली एकच प्रश्न निघतो : दिवसातून दोनच वेळा जेवले तर?

डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचविलेला हा विचार : दोनच जेवणे, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत. आपल्या घरांत तो ऐकताच बियासणे आठवते. बियासण्याचा हेतू कर्मनिर्जरेचा. देहाला होणारा लाभ आनुषंगिक. तरी तो लाभ खरा आहे. सतत खाणे थांबले की इन्सुलिनची पातळी उतरते आणि साठलेली चरबी वापरण्यास शरीराला अवसर मिळतो.

परंतु केवळ घड्याळ पाळून भागत नाही. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. सर्वांचा आहार सारखाच कमी केला होता. त्यांतील निम्म्यांनी तो सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच घेतला. दोन्ही गटांच्या वजनातील घटीत लक्षणीय अंतर आढळले नाही. काम केले ते मुख्यतः आहाराच्या प्रमाणाने.

म्हणून दोन बैठकींत शेव, तळलेले पापड, शिरा आणि सरबत भरपेट घेतल्यास यकृताचा भार हलका होत नाही. बाह्य तपात अनशनाच्या जोडीला उणोदरी आणि रसत्याग सांगितले आहेत, त्यांचे मोल येथे कळते. ८० किलो वजनातून ४ किलो उतरले तरी यकृतातील चरबी घटू लागते. सूज ओसरण्यास ६ ते ८ किलोंची घट लागते. सायंकाळचे फरसाण आणि दुकान वाढविल्यानंतरचे रात्रीचे जेवण या दोहोंऐवजी सूर्यास्तापूर्वी पेढीवरच मूग, भाजी व भाकरीचा डबा घ्यावा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर उपवासात धोकादायक रीतीने उतरू शकते. त्यांनी पच्चक्खाणापूर्वी डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवावी. सिरोसिस झालेल्यांना, तसेच गर्भवती भगिनींना दीर्घ उपवास हितावह नाही. खानदेशच्या उन्हाळ्यात चौविहार करणाऱ्यांनी दिवसा उकळलेले पाणी पुरेसे प्यावे.

एचबीए१सी मागील सुमारे तीन महिन्यांची साखर सांगते. आज वजन लिहून ठेवावे, तीन महिन्यांनी दोन्ही पुन्हा तपासावे.