४८ तास आधी सांगितले होते!



१२ फेब्रुवारी २०२४ ची गोष्ट. न्यूयॉर्कहून आलेले एअर इंडियाचे विमान मुंबईत उतरले. त्यात ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ आणि त्यांची पत्नी होती. दोघांसाठीही व्हीलचेअर आधीच सांगून ठेवली होती, पण दाराशी एकच आली. तीत पत्नी बसली आणि ते मागून चालत निघाले. इमिग्रेशनपाशी ते कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. ‘दुसरी खुर्ची येईपर्यंत थांबा, असे आम्ही सांगितले होते,’ हा एअर इंडियाचा खुलासा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला ३० लाख रुपये दंड केला.

‘जरा थांबा, खुर्ची येतेय.’ हे वाक्य आम्हा व्हीलचेअरवरच्या प्रवाशांना पाठ झाले आहे. आमचा साधा प्रश्न आहे: का थांबायचे?

महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे मदत लागणाऱ्या प्रवाशाने ४८ तास आधी कळवायचे असते. आम्ही कळवतो. कोणाला किती मदत हवी तेही तिकिटावर लिहिलेले असते. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढता येतात, लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही जमत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे विमानातल्या आसनापर्यंत खुर्चीच हवी. कोणत्या विमानात असे किती प्रवासी आहेत, हे कंपनीला दोन दिवस आधी ठाऊक असते. जेवणाची पाकिटे मोजून चढवता येतात, मग खुर्च्या आणि त्या ढकलणारी माणसे का मोजता येत नाहीत? ही टंचाई दुष्काळासारखी आभाळातून पडत नाही. कमी माणसे नेमून ती तयार केली जाते.

खुर्ची मिळाली तरी प्रश्न संपत नाही. ज्याची स्वतःची व्हीलचेअर आहे, त्याच्या मापाने ती केलेली असते. मणक्याला इजा झालेल्या माणसाला परक्या खुर्चीत तासभर बसल्याने जखमा होऊ शकतात, आणि त्या महिनोन् महिने भरत नाहीत. काउंटरवर स्वतःची खुर्ची काढून घेतली की हाताने चाके फिरवत हिंडणारा माणूस विमानतळाच्या छोट्या चाकांच्या खुर्चीत अडकतो. पाणी प्यायला, स्वच्छतागृहात जायला, सगळ्यालाच दुसऱ्याचे हात लागतात. स्वतःची खुर्ची सामानात आदळून मोडली, तर त्या माणसाचे पायच मोडले!

आणि वागणूक? १९ फेब्रुवारी २०१२ रोजी जीजा घोष कोलकात्याहून गोव्याला परिषदेसाठी निघाल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. आसनावर बसलेल्या असताना स्पाइसजेटने त्यांना खाली उतरवले. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १२ मे २०१६ रोजी न्यायालयाने स्पाइसजेटला १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. तरीही मे २०२२ मध्ये रांचीला एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिले नाही. इंडिगोला ५ लाखांचा दंड झाला आणि महासंचालनालयाला नियम बदलावा लागला: आता डॉक्टरचे मत घेतल्यावाचून, केवळ अपंगत्वाकडे बोट दाखवून कोणालाही अडवता येत नाही. म्हणजे कायदा आमच्या बाजूने आहे. अडते ते विमानाच्या दारात.

कंपन्या म्हणतात, चालू शकणारेही खुर्ची मागतात. खरे आहे, मागतात. पण कोण? मुलांना भेटायला पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेले आई-वडील. दुबईत की लंडनमध्ये विमान बदलायचे, इंग्रजी येत नाही, फाटक सापडणार नाही, ही त्यांची धास्ती. त्यांना खुर्ची नको असते, वाट दाखवणारे माणूस हवे असते. तशी सोय सहज मिळत नाही म्हणून मुले व्हीलचेअर नोंदवतात. ही सोय न करणारेच गैरवापराचा आरोप करतात, आणि त्याची शिक्षा भोगतो तो ज्याला खुर्चीवाचून एक पाऊल टाकता येत नाही.

म्हणून आमच्या मागण्या:

१. नोंदवलेली प्रत्येक व्हीलचेअर, ढकलणाऱ्या माणसासह, विमानाचे दार उघडताना हजर हवी.

२. स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत नेऊ द्यावी आणि उतरल्यावर दारातच परत द्यावी. मोडली तर पूर्ण भरपाई.

३. वयस्कर आणि नवख्या प्रवाशांसाठी वाटाड्याची वेगळी, विनाशुल्क सेवा सुरू करावी.

४. उचलणे, बसवणे याचे प्रशिक्षण असलेलीच माणसे या कामावर नेमावीत, आणि त्यांना पुरेसा पगार द्यावा.

५. उशीर आणि नकाराच्या तक्रारींचे आकडे प्रत्येक कंपनीने दर महिन्याला जाहीर करावेत.

वाचकहो, तुमच्याकडूनही काही हवे आहे. तुमचे आई-वडील चालू शकत असतील तर वाटाड्या मागा, खुर्ची मागू नका. खुर्चीवरच्या माणसाला काही विचारायचे असेल तर त्यालाच विचारा, शेजारच्याला नको. आणि कोणाला डावलले तर वेळ, विमान क्रमांक आणि कर्मचाऱ्याचे उत्तर लिहून घ्या, नकार लेखी मागा. एअरसेवा संकेतस्थळावर आणि पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा. तोंडी तक्रार विमानतळावरच विरते, कागद मागे उरतो.

आम्ही ४८ तास आधी सांगतो. आता खुर्ची वेळेवर यायलाच हवी.

— व्हीलचेअरवरचे काही प्रवासी आणि त्यांचे सोबती