नागरिकत्वाच्या सुनावणीला साक्षीदार हवेत

भंडारा - एकाच घरातील थोरला भाऊ भारतीय नागरिक आणि धाकटा परदेशी, असे घडू शकते काय? कायद्याच्या दृष्टीने अवश्य घडू शकते. तत्कालीन भंडारा जिल्ह्यात प्रतापगडजवळ १९७२ मध्ये नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. १९९९ च्या विभाजनानंतर ती गोंदिया जिल्ह्यात गेली. तिबेटी मंडळींत मात्र ती 'भंडारा' म्हणूनच ओळखली जाते. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती, मोजके अपवाद वगळता, जन्मानेच नागरिक ठरते. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आई-वडिलांच्या नागरिकत्वाची अट आली.

तरीही हा हक्क तिबेटींना न्यायालयातच मिळवावा लागला. १९८६ मध्ये कांगड्यात जन्मलेल्या नामग्याल डोलकर यांना पासपोर्ट नाकारण्यात आला. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. प्रशासनाची टाळाटाळ त्यानेही थांबली नाही. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला.

उच्च न्यायालयापर्यंत पोहोचणे सर्वांनाच जमत नाही. आसाममधील परदेशी नागरिक न्यायाधिकरणांपुढे आपण भारतीय असल्याचे सिद्ध करण्याचा भार नोटीस आलेल्या माणसावरच असतो. २०२५ च्या नव्या कायद्यातही तो तसाच आहे. २०१२ मध्ये एकतर्फी निर्णयाने परदेशी ठरलेल्या एका व्यक्तीला सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये भारतीय ठरविले. कागदपत्रांतील नावाच्या स्पेलिंगचे किरकोळ फरक हा पुरावा नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. तोवर ती व्यक्ती हयात नव्हती.

अमेरिकेतील इमिग्रेशन न्यायालये न्याय खात्याच्याच अखत्यारीत आहेत आणि तेथे सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही. सुनावण्या मात्र सर्वसाधारणपणे खुल्या असतात. त्यामुळे स्वयंसेवक मागच्या बाकावर बसून नोंदी ठेवतात : दुभाषी होता काय, वकील शोधण्यास मुदत मिळाली काय, म्हणणे पूर्ण ऐकले गेले काय. २०२५ मध्ये सुनावणीनंतर दारातच अटका होऊ लागल्या, तेव्हा हे काम जोखमीचेही झाले. न्यूयॉर्क शहराचे तत्कालीन वित्त नियंत्रक ब्रॅड लँडर यांना जून २०२५ मध्ये एका स्थलांतरिताला सोबत करताना अटक झाली.

आपल्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६६ फौजदारी न्यायालयाचे दार जनतेला खुले ठेवते. अपवाद ठरावीकच आहेत. या तरतुदीचा उपयोग कोण करतो, हा खरा प्रश्न आहे. अशा उपस्थितीने न्यायाधीशांवर दबाव येईल, हा आक्षेप रास्त वाटतो. परंतु निरीक्षक घोषणा देत नाही, युक्तिवाद करीत नाही; तो फक्त टिपून ठेवतो. विधी महाविद्यालयांनी हे काम अभ्यासक्रमाचा भाग मानून न्यायाधिकरणांपुढील सुनावण्यांसाठीही तशी मुभा मागावी. एकतर्फी निर्णय दुरुस्त व्हायला बारा वर्षे लागतात; तो घडत असताना टिपण ठेवणाऱ्याला एक दुपार पुरते.