चिपाडाची मालकी कोणाची?

उजनीच्या पाण्याने पंढरपूर तालुका उसाचा झाला. गाळपानंतर उसाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के चिपाड उरते आणि बहुतांशी बॉयलरमध्ये जळते. त्यातील मऊ गर काढून उरलेले तंतू राळेत मिसळावेत, उष्णतेखाली दाबावेत, की लाकडाऐवजी वापरता येणाऱ्या फळ्या तयार होतात. मातीत गवत तुडवून भिंती उभारणाऱ्या कष्टकऱ्याला ही विद्या अपरिचित नाही. प्रश्न मालकीचा आहे. साखर आणि चिपाडासारखे उपपदार्थ यांच्या मूल्यातील ७० टक्के ऊसउत्पादकाला मिळावेत, असे रंगराजन समितीने २०१२ साली सुचविले. परंतु चिपाडाची फळी झाल्यावर वाढणारे मूल्य कोणाचे? सहकारी कारखान्यांनी हा उद्योग अवश्य उभारावा. मात्र ऊसउत्पादक आणि तोडणी कामगार यांचा वाटा आधी लिहून द्यावा, यंत्र मागाहून फिरवावे.